भाकरी मोजून खा : मराठी ताटात कमी कर्बोदकांचा आहार कसा बसवायचा

सकाळी पोह्यांची बशी आणि दोन चमचे साखरेचा चहा. दुपारी तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, वरण आणि वर वाटीभर भात. चार वाजता पुन्हा चहा, सोबत चार बिस्किटं. रात्री दोन भाकऱ्या, भाजी आणि ‘थोडासाच’ आमटी-भात. यात मिठाई नाही, कोल्ड्रिंक नाही, वडापाव नाही. साधं, घरचं, सात्त्विक जेवण. तरी हिशेब मांडला तर दिवसभरात साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं पोटात गेलेली असतात, म्हणजे जवळपास चौदाशे कॅलरी. प्रथिनं मात्र जेमतेम पन्नास-पंचावन्न ग्रॅम.

ही एखाद्याच घराची गोष्ट नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) ‘आयसीएमआर-इंडियाब’ या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीनुसार सरासरी भारतीय माणसाला रोजच्या ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून मिळते. याच पाहणीने २०२३ साली देशात सुमारे १० कोटी मधुमेही आणि १३ कोटींहून अधिक मधुमेहपूर्व अवस्थेतले लोक असल्याचा अंदाज दिला. दोन्ही आकड्यांचा संबंध फक्त ताटाशी आहे असं कुणी म्हणत नाही. बैठं काम, झोप, आनुवंशिकता हे सगळं त्यात आहेच. पण ताट ही आपल्या हातातली गोष्ट आहे.

म्हणून हा लेख. कीटोचं परदेशी वेळापत्रक मराठीत उतरवण्यात मला रस नाही. ॲव्होकॅडो आणि बदामाच्या पिठाची पोळी महिनाभर टिकते, मग घरचे कंटाळतात आणि खिसाही. आपल्याच स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी कर्बोदकं निम्म्यावर कशी आणायची, त्यातून वजनाचं आणि तब्येतीचं काय होतं आणि कुणी हे मुळीच करू नये, एवढंच इथे सांगायचं आहे.

कमी म्हणजे किती

साधारण तीन पातळ्या धरतात. दिवसाला ५० ग्रॅमच्या आत कर्बोदकं म्हणजे कीटो. यात यकृत चरबीपासून कीटोन नावाचं इंधन तयार करू लागतं आणि शरीर त्यावर चालतं. हा आहार मुळात वजनासाठी नव्हताच. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी तो अपस्माराच्या म्हणजे फिट्सच्या रुग्णांसाठी सुचवला. वजनाशी त्याचं नाव जोडलं गेलं ते १९७० च्या दशकात, रॉबर्ट ॲटकिन्स यांच्यामुळे. ५० ते १३० ग्रॅम ही दुसरी पातळी, तिला सरळ ‘लो कार्ब’ म्हणतात. १३० ते १८०-२०० ग्रॅम ही मध्यम पातळी.

महाराष्ट्रात ‘डाएट’ म्हटलं की अनेकांना डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोन वेळा जेवण्याची पद्धत आठवते. ती डॉ. श्रीकांत जिचकारांच्या मांडणीवरून पुढे आली. तिचा भर जेवणाच्या वेळांवर आहे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवण्यावर आहे. इथला विषय ताटात काय आहे हा. दोन वेळाच जेवूनही कुणी प्रत्येक वेळी चार पोळ्या आणि दोन वाट्या भात खाऊ शकतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो: आपल्याकडच्या बहुतेकांसाठी १०० ते १५० ग्रॅम हा पल्ला पुरेसा आहे. शाकाहारी घरात १३० च्या खाली जायला फार ओढाताण करावी लागते, कारण आपली डाळ प्रथिनांबरोबर कर्बोदकंही घेऊन येते. तूरडाळीत शंभर ग्रॅममागे २२ ग्रॅम प्रथिनं असतात, पण ५५ ग्रॅम कर्बोदकंही असतात. त्यामुळे शाकाहारी माणसाने दीडशेवर थांबलं तरी साडेतीनशेवरून दीडशे हा मोठाच पल्ला आहे.

२०२२ मध्ये इंडियाबच्या अठरा हजारांहून अधिक लोकांच्या आहाराच्या नोंदींवरून संशोधकांनी गणित मांडलं. नव्याने मधुमेह झालेल्यांना तो परतवायचा असेल तर कर्बोदकांचा वाटा ऊर्जेच्या ४९ ते ५४ टक्क्यांवर आणावा आणि प्रथिनं वीस टक्क्यांच्या आसपास न्यावीत, असं त्यातून निघालं. म्हणजे भात-भाकरीला कायमची सोडचिठ्ठी द्यायला कुणी सांगितलेलं नाही.

वजन का उतरतं, आणि पहिल्या आठवड्यात का फसवतं

यकृतात आणि स्नायूंत मिळून चार-पाचशे ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. कर्बोदकं कमी झाली की हा साठा उतरतो आणि पाणी लघवीवाटे निघून जातं. इन्शुलिन कमी झाल्यामुळे मूत्रपिंडं मीठही जास्त सोडतात. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात काटा दीड-दोन किलोने खाली येतो. व्हॉट्सॲपवर फिरणारे ‘सात दिवसांत तीन किलो’ ते बहुतांशी हेच पाणी. एका लग्नाच्या पंगतीनंतर ते परत येतं आणि माणूस खट्टू होतो. दोघांतही चरबीचा संबंध थोडाच.

खरी चरबी कमी होते ती एकूण खाणं कमी झाल्यामुळे. प्रथिनं आणि भाज्या पोट जास्त वेळ भरलेलं ठेवतात. जेवणानंतर साखर झपकन चढून उतरत नाही, म्हणून चारच्या बिस्किटांची ओढ कमी होते. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटाने ६०९ जणांना वर्षभर दोन आहारांवर ठेवलं, अर्ध्यांना कमी चरबीचा आणि अर्ध्यांना कमी कर्बोदकांचा. २०१८ मध्ये निकाल आला: कमी चरबीवाल्यांचं वजन सरासरी ५.३ किलो उतरलं, कमी कर्बोदकंवाल्यांचं ६ किलो. हा फरक नगण्य होता. पण दोन्ही गटांत काहींचं वजन खूप उतरलं आणि काहींचं चक्क वाढलं. दोघांनाही साखर, मैदा आणि पाकिटबंद पदार्थ टाळायला सांगितलं होतं. त्या प्रयोगातली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच.

मग कर्बोदकंच का कमी करायची? कारण मराठी ताटात फालतू भर पडते ती तिथेच. शिवाय रक्तातल्या साखरेवर आणि ट्रायग्लिसराइड्सवर (रक्तातल्या एका प्रकारच्या चरबीवर) त्याचा परिणाम लवकर दिसतो. मधुमेहींमध्ये हा फायदा पहिल्या सहा महिन्यांत ठळक असतो. वर्षाकाठी तो ओसरतो, मुख्यतः लोक हळूहळू जुन्या ताटाकडे वळतात म्हणून.

पहिली पायरी : टेप, रक्त आणि गोळ्यांचा डबा

वजनकाट्याआधी शिंप्याची टेप काढा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच फोटो छापले होते. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटात किती चरबी लपलेली असते, हे त्या एका पानाने दाखवलं. म्हणूनच आपल्यासाठी बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त मानतात आणि २५ च्या वर लठ्ठपणा. कमरेची मर्यादा पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर, बायकांसाठी ८०. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर धरायची, श्वास सोडून, पोट आत न ओढता. पँटचा नंबर धरू नका. पँट पोटाखाली बांधली जाते.

रक्ततपासणीत उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी), यकृताच्या चाचण्या आणि हिमोग्लोबिन एवढं पुरे. कुणाला गाउटचा त्रास असेल तर युरिक ॲसिडही, कारण सुरुवातीच्या काही आठवड्यांत ते वाढू शकतं. हिमोग्लोबिन मुद्दाम सांगतोय. लोहाची कमतरता असेल तर एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं आणि आपल्याकडे कित्येक बायकांना ती कमतरता असते. फक्त त्या एका आकड्यावरून घाबरू नये, आणि हुरळूनही जाऊ नये.

आता गोळ्यांचा डबा. हा भाग वगळू नका. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असताना भाकऱ्या निम्म्या केल्या तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. घाम, थरथर, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ग्लुकोमीटर ७० च्या खाली दाखवत असेल तर आहार-बिहार विसरून तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. म्हणूनच डोस कमी करण्याचं डॉक्टरांशी आधी ठरवावं, नंतर भाकरी कमी करावी.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्यांचा धोका वेगळा आहे. या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्यात कडक लो कार्ब किंवा उपवासाची भर पडली तर रक्तात कीटोन साचून कीटोॲसिडोसिस, म्हणजे रक्त आम्लधर्मी होण्याचा जीवघेणा प्रकार, होऊ शकतो, आणि त्या वेळी साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसतो, त्यामुळे घरी कुणाला शंकाच येत नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप लागणं ही लक्षणं दिसली तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. रक्तदाबाच्या गोळ्याही पाणी-मीठ उतरल्यावर जास्त पडू शकतात. उठताना चक्कर येत असेल तर रक्तदाब मोजून डॉक्टरांना कळवायचं. मेटफॉर्मिन एकटी चालू असेल तर त्या मानाने चिंता कमी.

गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या बायका, टाइप १ मधुमेही, मूत्रपिंडाचे रुग्ण, खाण्याच्या मानसिक विकारांतून गेलेले लोक आणि वाढती मुलं यांनी हा आहार स्वतःच्या मनाने करू नये. घरातल्या आठवीतल्या मुलाची पोळी आपल्या डाएटपायी कमी होणार नाही, एवढं बघा.

दुसरी पायरी : तीन दिवस फक्त लिहा

काहीही न बदलता तीन दिवसांचं खाणं लिहून काढा. त्यात एक रविवार हवाच. घरचीच वाटी एकदा पाण्याने भरून मोजा. कुणाकडे ती शंभर मिलिलिटरची असते, कुणाकडे दोनशेची, आणि ‘एक वाटी भात’ या दोन शब्दांवर सगळा हिशेब कोसळतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यानुसार शंभर ग्रॅम कच्च्या धान्यात, तंतू वगळून, तांदळात ७८ ग्रॅम कर्बोदकं असतात, ज्वारीत ६८, नाचणीत ६७, कणकेत ६४ आणि बाजरीत ६२. फरक आहे, पण व्हॉट्सॲपवर सांगतात तेवढा नाही. खरा फरक तंतूंमध्ये: ज्वारी-बाजरीत दहा-अकरा ग्रॅम, पांढऱ्या तांदळात तीनच्याही आत. म्हणून भाकरीने पोट भरतं आणि साखर हळू चढते. पण ज्वारी ‘मिलेट’ आहे म्हणून चार भाकऱ्या खाल्ल्या तर ते लो कार्ब होत नाही.

शिजलेल्या अन्नाचे अंदाज पाठ करून ठेवा. तीस ग्रॅम कणकेची पोळी म्हणजे सुमारे वीस ग्रॅम कर्बोदकं. पन्नास ग्रॅम पिठाची भाकरी पस्तीस. दीडशे ग्रॅमची वाटीभर भाताची मूद चाळीस. साठ ग्रॅम कोरड्या पोह्यांची बशी पंचेचाळीस. घट्ट वरणाची वाटी पंधरा. मटकीच्या उसळीची वाटी पंधरा-सोळा. दही वाटीभर पाच-सहा. साखरेचा एक चमचा पाच. मध्यम केळं पंचवीसच्या आसपास. पालेभाज्या, वांगी, दोडका, कोबी, फ्लॉवर, काकडी हे मोजत बसायची गरज नाही. अंडी, मासे, कोंबडी, मटण यांत जवळजवळ शून्य.

लिहिलेल्या पानावर लाल पेनाने बेरीज करा. बहुतेकांना भातापेक्षा चहा आणि बिस्किटांचा आकडा जास्त बोचतो.

तिसरी पायरी : आधी प्रथिनं वाढवा, मग पोळी काढा

इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. पोळ्या कमी होतात, पण त्यांच्या जागी काही येत नाही. संध्याकाळी सहा वाजता भूक खवळते आणि फरसाणाचा डबा उघडतो. म्हणून पहिला आठवडा काहीच कमी करू नका, फक्त प्रत्येक जेवणात प्रथिनांची भर घाला. धान्य आपसूक कमी खाल्लं जाईल.

निरोगी प्रौढासाठी आयसीएमआरची शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची आहे. वजन उतरत असताना स्नायू टिकवायचे तर किलोमागे एक ते १.२ ग्रॅम धरावं, अर्थात मूत्रपिंडं धडधाकट असतील तरच. सत्तर किलोच्या माणसाला सत्तर ते पंच्याऐंशी ग्रॅम. हे कुठून येणार? दोन अंड्यांतून बारा-तेरा. शंभर ग्रॅम बांगडा किंवा सुरमईतून वीसच्या आसपास. शंभर ग्रॅम पनीरमधून अठरा-एकोणीस. तीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांतून पंधरा. मूठभर शेंगदाण्यांतून सात. वाटीभर उसळीतून सात. शुद्ध शाकाहारी माणूससुद्धा मुगाचं धिरडं, उसळ, पनीर, सोयाबीन, दही आणि शेंगदाणे एका दिवसात बसवून सत्तरपर्यंत पोचतो. पण त्यासाठी आदल्या रात्री कडधान्य भिजवायची आठवण लागते, आणि ती सगळ्यांत अवघड.

किनारपट्टीवरच्या लोकांना हा भाग सोपा जातो. सुकट, जवळा, बोंबील, मांदेली ही स्वस्त प्रथिनं तिथे घरात असतातच. गोव्यात हुमण (माशांची आमटी) असेल तर फक्त शिताचा म्हणजे भाताचा डोंगर टेकडीएवढा करायचा.

चौथी पायरी : ताटात एकच धान्य

सगळ्या नियमांतला एकच नियम पाळायचा असेल तर हा पाळा. एका जेवणात पोळी, भाकरी, भात आणि बटाटा यांपैकी एकच, आणि तेही मोजून. कोकणात ज्याला भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही त्याने भातच खावा, एक वाटी, पण मग पोळी नाही. देशावर भाकरी लागते तर एक भाकरी, आणि शेवटचा ‘ताकभाता’चा घास नाही. ताक नुसतं प्या. पोळीबरोबर बटाट्याची भाजी म्हणजे धान्याला पिष्टाचं तोंडीलावणं.

नाश्ता हा मराठी घरातला सगळ्यांत कठीण प्रसंग, कारण पोहे, उपमा, साबुदाणा, शिरा, इडली हे सगळे एकाच घराण्यातले. पोहे सोडवत नसतील तर तीस ग्रॅमच घ्या आणि कढईत वाटीभर मोडाची मटकी, मूठभर शेंगदाणे, भरपूर कांदा, कोथिंबीर घाला. चव बिघडत नाही. भाजणीचं थालीपीठ एकच, सोबत वाटीभर घट्ट दही. मुगाची धिरडी, बेसनाचं पोळं, दोन अंड्यांचं ऑम्लेट हे आळीपाळीने. रात्रीचं उरलेलं पिठलं सकाळी नुसतं चमच्याने खाणारे लोक मी पाहिले आहेत, आणि मला त्यात वावगं काही वाटत नाही.

दुपारी ताट लावताना अर्धं ताट भाजी आणि कोशिंबिरीचं. मेथी, शेपू, अंबाडी, चुका, गवार, पडवळ, जे बाजारात असेल ते. कोशिंबीर आणि उसळ आधी खा, भाकरी मागून. भाज्या आणि प्रथिनं आधी पोटात गेली तर त्याच जेवणानंतर साखर कमी चढते, असं मधुमेहींवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. एक भाकरी, एक वाटी उसळ, पालेभाजी, दह्यातली काकडी आणि ताक: सुमारे पासष्ट ग्रॅम. संध्याकाळी बिनसाखरेचा चहा आणि मूठभर शेंगदाणे: दहा. रात्री पिठलं किंवा मासे, एक पोळी, परतलेली भाजी, थोडं दही: पन्नासच्या आत. सकाळी अंडी असतील तर दिवस १३० च्या आत संपतो. मुगाची धिरडी असतील तर दीडशेपर्यंत जातो.

तेला-तुपाचं काय? लो कार्ब म्हणजे चहात लोणी घालणं असा समज काही लोकांनी करून घेतला आहे. गरज नाही. भाजीला शेंगदाण्याचं तेल नेहमीएवढं, भाकरीवर चमचाभर तूप, जवस, कारळ किंवा तिळाची चटणी, सोलकढीतला नारळ, एवढ्याने जेवण कोरडं लागत नाही. फक्त भाकरी निम्मी करून तूप दुप्पट केलं तर कॅलरींचं गणित जिथल्या तिथेच राहतं.

साखरेच्या जागी गूळ किंवा मध घालून काहीही साध्य होत नाही. दोन्ही जवळपास साखरच आहेत. बाजारातली नाचणी बिस्किटं हातात घेतलीत तर पाकिटाची मागची बाजू वाचा. बहुतेकदा पहिली नावं मैदा आणि साखर यांचीच असतात.

पहिले दोन आठवडे

डोकं दुखणं, थकवा, पायात गोळे, चिडचिड. कडक कीटोत हे जास्त होतं, आपल्या पातळीवर कमी, पण होतं. कारण मुख्यतः मीठ आणि पाणी निघून जाणं. दिवसातून दोनदा मीठ-जिरे घातलेलं ताक, मुगाचं कढण किंवा टोमॅटोचं सार घेतलं की बहुतेकांना बरं वाटतं. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र मीठ आपल्या मनाने वाढवू नये. बद्धकोष्ठता झाली तर भाज्या कमी पडल्यात असं समजा. सब्जा, जवस आणि पाणी वाढवा. तोंडाला विचित्र वास येत असेल तर कर्बोदकं ठरवल्यापेक्षा खूपच खाली गेली आहेत, अर्धी भाकरी परत आणा.

व्यायाम या काळात फार जोरात नको. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालणं साखरेसाठी चांगलंच कामाला येतं. तिसऱ्या आठवड्यापासून बैठका, भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या बाटल्या उचलणं, जे जमेल ते आठवड्यातून दोन-तीनदा. नुसतं खाणं कमी करून वजन उतरलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात. पन्नाशीनंतर तर ही गोष्ट हलक्यात घेऊच नये.

एकादशी, मिसळ आणि मोदक

एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण कुणा आहारतज्ज्ञाने लिहिलेली नाही, पण लिहिली असती तरी चाललं असतं. साबुदाण्यात शंभर ग्रॅममागे ८७-८८ ग्रॅम कर्बोदकं आणि प्रथिनं जवळजवळ शून्य. साबुदाण्याची खिचडी, त्यात बटाटा, सोबत बटाट्याचा कीस आणि वर केळं. श्रावणात असे उपवास आठवड्यातून दोनदा झाले तर बाकीचे दिवस मोजून खाण्यात अर्थ उरत नाही. उपवास मोडायची गरज नाही. दाण्याची आमटी आणि अर्धी वाटी भगर, राजगिऱ्याची एक भाकरी, दह्यातली काकडी, ताक, नारळाचा तुकडा, हे सगळं उपवासालाच चालतं. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर निर्जळी उपवास मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

बाहेर मिसळ मागवली तर उसळ-रस्सा जास्त, फरसाण चिमूटभर, पाव एक किंवा अजिबात नाही. कोल्हापुरात तांबडा-पांढरा आणि मटण असेल तर अर्ध्या भाकरीवर भागतं, तिथे पथ्य ही शिक्षा वाटत नाही. उसाच्या रसाचा मोठा ग्लास म्हणजे तीस ग्रॅमच्या वर साखर, आणि तो ‘नैसर्गिक’ असल्याने स्वादुपिंडाला काही सवलत मिळत नाही. गणपतीत उकडीचे मोदक खायचेच. त्या जेवणात दोन मोदक आणि तूप घ्या, भात-पोळी सोडा. आमरस-पुरीच्या दिवशी मात्र हिशेब बंद ठेवा आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या ताटावर या. दुसऱ्या दिवशी कडक उपास करून प्रायश्चित्त घेणारे लोक तिसऱ्या दिवशी सगळंच सोडून देतात.

तीन महिन्यांनी

वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, सकाळी बघायचं. कंबर पंधरा दिवसांतून एकदा. पाणी उतरून गेल्यावर आठवड्याला अर्धा किलो हा उत्तम वेग. काटा महिनाभर हललाच नाही आणि कंबरही तशीच असेल, तर पुन्हा तीन दिवस लिहा. वाटी मोठी झालेली असते, किंवा ‘कर्बोदकं नाहीत ना’ म्हणून शेंगदाण्याच्या मुठी वाढलेल्या असतात.

बारा आठवड्यांनी त्याच चाचण्या पुन्हा करा. साधारणपणे ट्रायग्लिसराइड्स उतरतात, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) थोडं वाढतं, एचबीए१सी खाली येतं, यकृतातली चरबी कमी होते. एलडीएलचं (‘वाईट’ कोलेस्टेरॉलचं) मात्र सांगता येत नाही. काहींचं उतरतं, काहींचं, विशेषतः कडक कीटोवरच्या सडपातळ लोकांचं, खूप वाढतं. वाढलं असेल तर ‘लो कार्बमध्ये चालतंच’ असं म्हणून सोडून देऊ नका. तूप, लोणी, चीज, लाल मांस कमी करून मासे, शेंगदाणे, कडधान्यं वाढवा, कर्बोदकं थोडी वर आणा आणि डॉक्टरांना दाखवा.

लांब पल्ल्याचा विचार करताना २०१८ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये आलेला अभ्यास लक्षात ठेवण्यासारखा आहे. कर्बोदकं ऊर्जेच्या ५० ते ५५ टक्के असलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण सर्वांत कमी होतं. ४० टक्क्यांच्या खाली आणि ७० टक्क्यांच्या वर, दोन्हीकडे ते वाढलेलं होतं. शिवाय कर्बोदकांच्या जागी मांस आणि प्राणिज चरबी आली तर धोका वाढतो आणि डाळी-दाण्यांसारखे वनस्पतिजन्य पदार्थ आले तर कमी होतो, असंही त्यात दिसलं. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही. तरी मी त्यातून एक व्यवहारी अर्थ काढतो: उतरण्याचा काळ वेगळा आणि राहण्याचा काळ वेगळा.

म्हणून कंबर हव्या मापावर आली की दर दोन आठवड्यांनी दिवसाला अर्धी भाकरी किंवा अर्धी वाटी भात परत आणा. प्रथिनं आणि भाज्या आहेत तेवढ्याच ठेवा. टेप आणि घरचा ग्लुकोमीटर पाहत राहा. ज्या टप्प्यावर कंबर पुन्हा वाढू लागेल त्याच्या अर्धी भाकरी अलीकडे तुमचं रोजचं प्रमाण. कुणाचं ते १६० ग्रॅमवर बसेल, शेतात किंवा बांधकामावर राबणाऱ्याचं २५० वरही बसेल, आणि ते दोन्ही बरोबर असेल.